अभ्यासिकेतला आवाज: सुरुवातीला एवढंच बघ

अभ्यासिकेत शांतता राखायचं काम अंगावर घेतलंस, फार बरं केलंस. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ असो की टिळकवाडीतलं कॉलेज, आधी जागा वाटून दे. ग्रुपनं बसणाऱ्यांना दाराजवळची टेबलं, एकट्यानं वाचणाऱ्यांना आतला कोपरा. बरीचशी भांडणं इथंच मिटतात.

मग आवाज किती मोठा यापेक्षा शब्द कळतात का, ते बघ. पंख्याची घरघर एकसारखी असते, कान सरावतो. पण मागच्या टेबलावरचं "अगं, रिझल्ट लागला की!" थेट डोक्यात शिरतं आणि तीच ओळ पुन्हा वाचावी लागते. नवखी मंडळी शांततेसाठी पंखे बंद करतात. तसं करू नकोस, कुजबुज उलट जास्त ऐकू येते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे लांबून "शूऽऽ" करणं. एकासाठी सगळे माना वर करतात. जवळ जा, हळू बोल. समोरचा कन्नड बोलणारा असेल तर कन्नडमधून सांग. आणि व्हायब्रेटवरचा मोबाईल टेबलावर नको, दप्तरात. लाकूड घुमतं.

डेसिबल मोजायची ॲपं, भिंतींना आवाज शोषणारे पॅनेल, हे पुढच्या सेमिस्टरला बघू.