व्हीए लोनवर घर घेताय? इन्स्पेक्शनची अट काढू नका

ताई, तुमच्या मुलाचं अमेरिकन नेव्हीतलं पोस्टिंग व्हर्जिनियातल्या नॉरफोकला, तो घेतोय व्हीए लोन (सैनिक आणि माजी सैनिकांसाठी व्हीए या सरकारी खात्याची हमी असलेलं गृहकर्ज), घर 1968 सालचं, खाली क्रॉल स्पेस (जमीन आणि घराच्या तळामधली, सरपटत जाण्याइतकी पोकळी), आणि एजंट म्हणतोय की व्हीएचा माणूस घर बघणारच आहे, मग इन्स्पेक्शनची अट (खाजगी तपासणीत दोष निघाला तर व्यवहारातून बाहेर पडता येईल, ही) काढून टाका, ऑफर वरचढ ठरेल. माझं स्पष्ट मत: काढू नका. क्लोजिंगची (व्यवहार पुरा होण्याची) तारीख विक्रेत्याच्या सोयीची द्या, बारीकसारीक दुरुस्त्या मागणार नाही असं लिहून द्या, पण ही अट राहू द्या.

व्हीएचा अप्रेझर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, तुमच्या मुलासाठी येत नाही. कर्ज लेंडर (बँक किंवा कर्ज देणारी कंपनी) देतो, सरकार त्यातल्या काही भागाची हमी घेतं, आणि घर तेवढ्या किमतीचं आहे ना, हे त्या दोघांना हवं असतं. जोडीला तो किमान अटी तपासतो: छप्पर धड आहे का, हीटिंग आहे का, क्रॉल स्पेसमध्ये पाणी साचलंय का. घर 1978 च्या आधीचं असल्याने रंगाचे पोपडे दिसले तर तो रंग शिशाचा धरला जातो आणि दुरुस्ती लागते. पण तो छपरावर चढत नाही, ड्रेनेजच्या पाइपात कॅमेरा घालत नाही, क्रॉल स्पेसमध्ये सहसा दारातूनच बॅटरी मारतो. घरात पुढे काही निघालं तर जबाबदारी व्हीएची नाही, हे व्हीए स्वतःच सांगतं.

तुमच्या भागात खरा प्रश्न जमिनीखालीच असतो. पाण्याची पातळी वर, हवा दमट, तुळया लाकडाच्या. आमच्या घराच्या वेळी अप्रेझलमध्ये क्रॉल स्पेसबद्दल एक अक्षर नव्हतं. इन्स्पेक्टर मात्र अंगावर कव्हरऑल चढवून पोटावर सरपटत पार बाथरूमखालपर्यंत गेला. त्याने पाठवलेल्या फोटोत स्क्रूड्रायव्हर तुळईत मुठीपर्यंत रुतलेला होता. मॉइश्चर मीटरवर 20 टक्क्यांच्या वर आकडा गेला की लाकडाला बुरशी धरायचा धोका असतो. तिथे तो बराच वर होता. तो फोटो पाहिल्यावर विक्रेत्याने मुकाट्याने तुळया बदलून दिल्या.

इन्स्पेक्शन झालं नसतं तर नंतर विक्रेत्याला जाब विचारणंही अवघड होतं. व्हर्जिनियात घर नीट पारखून घेण्याची जबाबदारी खरेदीदाराची. विक्रेता जो डिस्क्लोजर फॉर्म देतो त्यात मुख्यतः 'घराच्या स्थितीबद्दल मी काही सांगत नाही' एवढंच असतं.

वाळवीचा रिपोर्ट वेगळा. व्हर्जिनियात व्हीए लोनला तो लागतोच. पूर्वी बऱ्याच राज्यांत त्याचे पैसे व्हेटरनकडून (व्हीए लोन घेणाऱ्या खरेदीदाराकडून) घ्यायची मुभा नव्हती. 2022 पासून खरेदीदार ते देऊ शकतो. तुमच्याकडे वाळवी आणि ओल यांचा मिळून एकच रिपोर्ट करतात, तोच मागा. आणि जुन्या घराला ड्रेनेजची कॅमेरा तपासणी कराच. झाडांची मुळं पाइपात शिरली असतील तर वरून काही कळत नाही.

क्रमही सांभाळा. अप्रेझलची फी खरेदीदाराच्या खिशातून जाते आणि काम झाल्यावर परत मिळत नाही. म्हणून कंत्राट झालं की लगेच इन्स्पेक्शन उरका, आणि तोवर अप्रेझल मागवायला थांबा असं लेंडरला सांगा. मुदत कमी असेल तर तो ऐकेलच असं नाही, पण विचारायला काय जातंय?

आता किमतीचं. व्हीए लोनच्या कंत्राटात एस्केप क्लॉज असतो: व्हीएने ठरवलेली किंमत कराराच्या किमतीपेक्षा कमी आली तर खरेदीदार बाहेर पडू शकतो आणि इसाराची रक्कम बुडत नाही. इथे बरेच जण फसतात. हे संरक्षण फक्त किमतीपुरतं आहे. तुळई कुजकी निघाली आणि किंमत बरोबर आली, तर त्या कलमाचा उपयोग शून्य. तिथे इन्स्पेक्शनची अटच कामाला येते.

किंमत कमी भरतेय असं वाटलं तर अप्रेझर रिपोर्ट पुरा करण्याआधी लेंडरने नेमलेल्या माणसाला कळवतो. तुमच्याच भागाचं नाव लागलेली ही टाइडवॉटर पद्धत. उत्तराला कामकाजाचे फक्त 2 दिवस मिळतात, त्यामुळे आसपास नुकत्याच विकल्या गेलेल्या घरांचे आकडे एजंटने आधीच काढून ठेवायला हवेत. मागितलेल्या किमती चालत नाहीत, झालेले व्यवहार लागतात. तरीही कमीच आली तर फेरविचाराचा अर्ज करता येतो, विक्रेत्याशी घासाघीस करता येते, नाहीतर फरक रोख भरायचा. त्या फरकाला कर्ज मिळत नाही.

आणि ऑफर द्यायच्या आधी फेमा या सरकारी आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या पूर-नकाशावर पत्ता टाकून बघा. घर जास्त धोक्याच्या पट्ट्यात असेल तर फ्लड इन्शुरन्स सक्तीचा होतो, आणि नॉरफोकमध्ये तो हप्ता महिन्याचं गणित बिघडवू शकतो. विक्रेता सध्या किती भरतो ते विचारा, एलिव्हेशन सर्टिफिकेट (घर किती उंचीवर आहे याचा दाखला) असेल तर त्याची कॉपी मागून घ्या.