म्यानमारमधल्या करेन लोकांचं पारंपरिक नृत्य गावच्या उत्सवात कुणी पाहिलंय का? भाषा येत नसेल तर नेमकं काय पाहायचं?

हो, पाहिलंय. जानेवारी 2019 मध्ये, म्यानमारच्या कयिन राज्यात, फा-आनजवळच्या एका खेड्यात. करेन नववर्षाचा उत्सव होता, त्यांच्या गणनेनुसार 2758 साल. 1938 पासून तिकडे या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते.

भाषेचा एक शब्द मलाही येत नव्हता. तरी सांगतो, एका नाचणाऱ्यावर नजर खिळवू नका, ओळ पाहा. या नाचाला 'डोन' म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थच एकमतानं असणं. मूळचा प्वो करेन या करेनांमधल्याच एका गटाचा, गावानं एकमेकांशी कसं वागावं हे मनात रुजवण्यासाठी घडवलेला. पथकाला चालवणारा 'डोन को' असतो. चांगलं लेझीम पाहताना पन्नास जणांचं एकच अंग झाल्यासारखं वाटतं ना, तसंच इथे होतं.

मी सुरुवातीला समोर उभा होतो. मग एका आजोबांनी हात धरून मला बाजूला, वाद्यांपाशी नेलं. तिथून ओळी एकमेकींतून आरपार जाताना दिसल्या. शेवटच्या ओळीत आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. पुढचीच्या कोपरावर डोळे, ओठ घट्ट मिटलेले. एकदा तिचं पाऊल चुकलं, तर शेजारणीनं मान न वळवता स्वतःचं पाऊल जरा आखूड टाकलं आणि तिला ओळीत घेतलं. तेवढ्यानं माझा गळा दाटून आला.

कपड्यांकडेही लक्ष द्या. पायघोळ पांढरा झगा म्हणजे मुलगी अविवाहित. लग्न झालेल्या बायका वेगळी चोळी आणि लुंगी नेसतात. वाद्यांत म्हशीचं शिंग असतं, त्याला फुंकायचं भोक टोकाला नाही, बाजूला. आणि काशाचा मोठा ढोल, ज्याच्या कडेवर बेडूक ओतलेले असतात. पावसाला हाक मारणारा हा ढोल करेन झेंड्यावरही आहे. जवळ जाऊन ते बेडूक पाहाच, पण हात लावण्याआधी विचारा.

2021 च्या लष्करी उठावानंतर कयिन राज्यात लढाई पेटली आहे, त्यामुळे सध्या तिकडे जा असं मी सांगणार नाही. पण अंदमानला जाणार असाल तर मायाबंदरजवळचं वेबी गाव आहे. ब्रह्मदेशातून 1925 मध्ये आलेल्या करेन कुटुंबांची तिथे वस्ती आहे. नाताळ-नववर्षाच्या सुमारास जा, आणि कुणा घरी ओळख काढून मगच जा.