आमदारांच्या ऑफिसातून क्रिकेट संघाकडे: काय न्यायचं, काय मागे ठेवायचं

भावा, तुझा प्रश्न असा आहे: तीन वर्षं कोल्हापुरात दैनिकाच्या डेस्कवर, दोन वर्षं एका आमदारांच्या प्रसिद्धीचं काम, आणि आता क्रिकेट लीगमधल्या एका संघाकडून मीडिया मॅनेजर म्हणून बोलावणं. राजकारणाचा शिक्का बसलेल्या माणसाला खेळात कोण उभं करणार, ही तुझी धास्ती. मी या तिन्ही ठिकाणी मीठ-भाकरी खाल्ली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिक्क्याची काळजी सोड. अमेरिकेतला जो लॉकहार्ट बघ. एबीसी, सीएनएनच्या बातमी विभागांत काम केलेला माणूस. १९९८ ते २००० क्लिंटन यांचा प्रेस सेक्रेटरी होता, म्हणजे महाभियोगाच्या ऐन वणव्यात रोज पत्रकारांसमोर उभा. पुढे फेसबुकच्या जनसंपर्काचं काम केलं आणि २०१६ मध्ये तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, एनएफएलचा, संपर्कप्रमुख झाला. २०१७ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणाऱ्या खेळाडूंवर खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प तुटून पडले, तेव्हा लीगची बाजू मांडायला तोच पुढे होता. राजकारणात अंगावर घेतलेले घाव तिथे कामाला आले.

पण दुसरं उदाहरणही डोळ्यांसमोर ठेव. ॲलिस्टर कॅम्पबेल हा मूळचा पत्रकार, नंतर ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचा उजवा हात. २००५ मध्ये ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या रग्बी संघाच्या प्रसिद्धीचं काम बघायला तो न्यूझीलंडला गेला. पहिल्याच कसोटीच्या सुरुवातीला कर्णधार ब्रायन ओड्रिस्कॉलला उचलून आपटलं, खांदा निखळला, दौरा संपला. राग रास्तच होता. पण लायन्सच्या गोटाने तोच विषय दिवसेंदिवस निवडणुकीच्या मुद्द्यासारखा लावून धरला. मालिका ३-० अशी गेली आणि प्रसिद्धीच्या या पद्धतीवर सडकून टीका झाली. प्रचारात प्रतिस्पर्ध्याला घेरलं की मतं हलतात. खेळात गुणफलक सगळ्यांनी पाहिलेला असतो, तो तुझ्या प्रेसनोटने हलत नाही.

आता माझं सांगतो. नव्वदच्या दशकात मी एका दैनिकात खेळाचं पान बघायचो. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना संपला की धावत ऑफिसात यायचं आणि पान सुटायच्या आत बातमी द्यायची. गोल कोणी केला ते नाव चुकलं, तर सकाळी पेठेतली पोरं दारात हजर. त्यांनी सामना स्वतः पाहिलेला असायचा. वाचकाला माझ्याआधी खरं माहीत आहे, हे मी तिथे शिकलो. पत्रकारितेच्या कुठल्या वर्गात हे इतकं पक्कं झालं नसतं.

तरीही २००४ च्या विधानसभा निवडणुकीत मी चुकलो. तेव्हा एका उमेदवाराचं प्रसिद्धीचं काम माझ्याकडे होतं. मतमोजणीच्या मधल्या फेऱ्यांनंतर आम्ही पडलोय हे आतल्या सगळ्यांना कळलं होतं. उमेदवाराच्या जवळच्या माणसाने सांगितलं, ‘पत्रकारांना म्हणा, आपल्या भागाच्या फेऱ्या अजून बाकी आहेत.’ मी तसंच सांगितलं. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने माझ्या शब्दावर पान अडवून ठेवलं आणि शेवटच्या घटकेला त्याला अख्खं पान बदलावं लागलं. तो भांडला नाही. पुढची दोन वर्षं मात्र माझी प्रत्येक ओळ तो दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा. ते मला आजही बोचतं.

पुढे कबड्डीच्या एका व्यावसायिक संघाबरोबर तीन हंगाम होतो. मुख्य चढाईपटूचा गुडघा दुखावला. वरून निरोप आला की किरकोळ आहे म्हणून सांगा. मी नाही म्हटलं. पत्रकारांना एवढंच सांगितलं की एमआरआयचा रिपोर्ट आला की डॉक्टर बोलतील, तोवर माझ्याकडून काही येणार नाही. एकानेही तक्रार केली नाही. न सांगणं लोक समजून घेतात.

तुला एक सवय मात्र कोल्हापुरातच ठेवून जावी लागेल, आणि हे कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगतो. राजकारणात कानात सांगणं हेच चलन आहे. उमेदवारी कुणाला, कोण नाराज, कोण कुणाला भेटलं, ते मित्राला ‘माझं नाव नको’ म्हणत द्यायचं आणि वेळ आली की त्याने आपलं काम करायचं. क्रिकेटमध्ये अंतिम अकरा जण, कोण जखमी, खेळपट्टी बघून काय ठरलं, या आतल्या गोष्टी आहेत. त्या सट्ट्यासाठी वापरल्या जाऊ शकतात हे माहीत असून, किंवा माहीत असायला हवं असताना बाहेर सांगणं, हा बीसीसीआयच्या भ्रष्टाचारविरोधी संहितेनुसार गुन्हा आहे. तू पैसे घेतलेस का, हा प्रश्न नंतरचा. तुझा डेस्कवरचा जिवलग दोस्त नाणेफेकीआधी सहज विचारेल, ‘आज कोण बाहेर रे?’ त्याला आजच सांगून ठेव की असलं विचारू नकोस.

उपयोगी पडेल असंही तुझ्याकडे पुष्कळ आहे. मतदान संपायच्या आधीचे प्रचारबंदीचे ४८ तास, जाहिरातींचं पूर्वप्रमाणन, पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव, हे सगळं सांभाळलेल्या माणसाला नियम वाचून काम करायची शिस्त असते. लीगमध्ये ती रोज लागते: सामन्यानंतर पहिली मुलाखत हक्क विकत घेतलेल्या वाहिनीची, मागे प्रायोजकांचा फलक, मग बाकीचे.

आणि घरच्यांकडे लक्ष दे. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. अशा दिवशी कॅमेरे थेट गावात, आईवडिलांपुढे येऊन उभे राहतात. तुझ्या संघात गावाकडची वीस-बावीस वर्षांची पोरं असतील. हंगाम सुरू व्हायच्या आधी त्यांच्या घरी फोन कर, कॅमेरे आले तर काय करायचं ते शांतपणे समजावून सांग आणि तुझा नंबर देऊन ठेव.

पगाराचं बोलताना करार फक्त हंगामापुरता आहे की वर्षाचा, हे लेखी घे. लीगचे सामने थोड्या आठवड्यांत आटपतात, उरलेले महिने तुलाच काढायचेत. सही करण्याआधी आमदारसाहेबांना स्वतः जाऊन भेट. ही बातमी त्यांना चौकातून कळता कामा नये.