कर्ट वॉर्नरच्या गोष्टीतली गाळलेली वर्षं

१९९९ मध्ये सेंट लुईस रॅम्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या मुख्य क्वार्टरबॅकचा (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचा), ट्रेंट ग्रीनचा, गुडघा गेला म्हणून त्याच्या जागी आलेल्या वॉर्नरचं नशीब उघडलं, नाहीतर तो किराणा दुकानातच माल लावत बसला असता, असं तुमचं म्हणणं. अर्धं मान्य.

पण दुकानाची ही गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत झालीय. १९९४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या संघानं त्याला सरावातूनच परत पाठवलं, मग आयोवातल्या हाय-व्ही दुकानात तासाला साडेपाच डॉलरवर त्यानं रात्रपाळी केली, हे खरंच. ते दिवस मात्र थोडेच होते. त्यानंतर तीन हंगाम तो आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून छताखालचं अरीना फुटबॉल खेळला, आणि नेमकं तेच लोक गाळतात.

अरीनाचं मैदान फक्त ५० यार्डांचं, म्हणजे नेहमीच्या निम्मं. कडेला पॅड लावलेल्या भिंती, प्रत्येक बाजूला आठच खेळाडू. तिथं क्वार्टरबॅक विचार करत उभा राहिला की आडवा झालाच. चेंडू हातात आला की झटकन सोडायचा, ही सवय तिथली. पुढे १९९८ मध्ये तो अ‍ॅमस्टरडॅमला खेळून आला. रॅम्सचा आक्रमणाचा प्रशिक्षक माइक मार्ट्झ याची रचनाही अशीच होती: झेलणारा वळायच्या आधीच चेंडू त्याच्या दिशेनं सुटलेला हवा. १९९९ च्या हंगामात वॉर्नरनं ४,३५३ यार्ड आणि ४१ टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या अंतिम रेषेपार पोचवणाऱ्या फेकी) फेकले, ते काही ग्रीनच्या गुडघ्यामुळे नव्हे.

नशीबच बघायचं असेल तर ३० जानेवारी २००० चा अटलांटातला सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, बघा. टेनेसी टायटन्सशी १६-१६ बरोबरी, शेवटची दोन मिनिटं. वॉर्नर फेकतोय तोच टायटन्सच्या जेव्हॉन कर्सचा धक्का लागला आणि चेंडू आखूड पडला. रॅम्सच्या आयझॅक ब्रूसनं धाव आवरली, मागे येऊन झेलला आणि तसाच आत पळाला. ७३ यार्ड! मग शेवटच्या चेंडूवर रॅम्सच्या माइक जोन्सनं टायटन्सच्या केविन डायसनला अंतिम रेषेच्या यार्डभर अलीकडे पाडलं, म्हणून २३-१६. तेव्हा वॉर्नर बाकावर बसून बघत होता.

पुढे उतरण लागली. न्यू यॉर्क जायंट्सनं त्याला बसवून ईलाय मॅनिंगला खेळवलं. पण २००८ मध्ये अ‍ॅरिझोनात त्यानं तिथला क्वार्टरबॅक मॅट लायनर्टची जागा सरावात मिळवली आणि ३७ व्या वर्षी संघाला सुपर बोलपर्यंत नेलं. पिट्सबर्गकडून २७-२३ हरले, ते वेगळं. त्या वेळी कुणाचा गुडघा गेला नव्हता.