गुडघ्याची गोळी आणि माशाच्या तेलाची कॅप्सूल

प्रश्न : आईचं वय 62. गुडघेदुखीसाठी सहा महिन्यांपासून असेक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून दोनदा चालू आहे. बीपीची टेल्मिसार्टन-एच आणि अ‍ॅस्पिरिन 75 पण आहे. दुखण्याच्या गोळीनं हार्टला धोका म्हणून मेडिकलवाल्यानं ओमेगा-3 आणि हळदीच्या कॅप्सूल दिल्या. त्यानं धोका टळतो का?
– एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : नाही टळत. असेक्लोफिनॅक ज्या वाटेनं दुखणं थांबवतं, त्याच वाटेनं रक्तवाहिन्यांमधलं प्रोस्टासायक्लिन कमी करतं. गुठळी होऊ न देणारा पदार्थ तो. शिवाय अंगात मीठ-पाणी साचतं, बीपी चढतं, टेल्मिसार्टनचा जोर ओसरतो. कॅप्सूल यातलं काहीच उलटवत नाही. ओमेगा-3च्या, म्हणजे माशाच्या तेलाच्या, कॅप्सूलच्या डबीवर पुढे ठळक ‘1000’ असतं. मागचं बारीक वाचा. ओमेगा-3चे कामाचे घटक दोन, ईपीए आणि डीएचए. बहुतेकदा ईपीए 180 आणि डीएचए 120, म्हणजे कामाचं 300 मिलिग्रॅमच. हळद भाजीत हवी तेवढी घाला, पण अर्काच्या कॅप्सूल बंद करा. त्यांनी काहींच्या लिव्हरला इजा झालेली आहे आणि अ‍ॅस्पिरिनसोबत रक्तस्रावाची भीती वाढते.

खरी काळजी त्या ‘एच’ची. ती लघवी वाढवणारी गोळी. टेल्मिसार्टन, ‘एच’ आणि असेक्लोफिनॅक एकत्र असताना मे महिन्याच्या उन्हात पाणी कमी पडलं किंवा जुलाब लागले, तर किडनी एकाएकी बसू शकते. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियम याच आठवड्यात तपासा. बीपीची गोळी आणि अ‍ॅस्पिरिन मनानं बंद करू नका. असेक्लोफिनॅक कमी किंवा बंद कसं करायचं ते डॉक्टरांना विचारा.

त्याऐवजी डायक्लोफिनॅकचं जेल लावून पाहता येईल, तेही डॉक्टरांना विचारूनच. तोंडी गोळीच्या मानानं रक्तात सुमारे 6 टक्केच उतरतं. ‘लावलं, गुण नाही’ म्हणणारे बहुतेक जण वाटाण्याएवढं लावतात. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावणारी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एका गुडघ्याला अशा चार ते आठ रेघा, दिवसातून तीन-चारदा. वरून शेक नको, घट्ट पट्टीही नको. तरी दुखलं तर नुसतं पॅरासिटामॉल 500, दिवसभरात सगळं मिळून 3 ग्रॅमच्या आत. आधीच्या गोळीत ते 325 असतंच, म्हणून दोन्ही सोबत घेत असतील तर बेरीज करा.

शौचाला डांबरासारखं काळं झालं, छातीत दाटलं किंवा धाप लागली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.