मावशी बोलू शकत नाही, मग तिला विचारायचं कसं?

प्रश्न : नमस्कार ताई, मी डिचोलीचा. माझी मावशी ७४ वर्षांची, लग्न केलं नाही, आम्हा भाचरांना तिनेच वाढवलं. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. घरी उचलायला माणूस नाही म्हणून बार्देशातल्या एका खाजगी होममध्ये ठेवलीय. चवथीला भेटायला गेलो तर दोन्ही मनगटांवर निळसर वळ, विचारलं तर म्हणाले रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत त्याने होतं. पण मावशी माझा हात सोडतच नव्हती. बायको म्हणते तक्रार केलीत तर तुम्ही घरी आल्यावर राग तिच्यावरच निघणार. काय करू?

उत्तर : दादा, वहिनींची भीती खरी आहे, म्हणून आधी तिथे भांडायला जाऊ नका. गोळ्यांचं म्हणतात ते अगदीच खोटं नाही, त्या गोळ्यांनी जरासा धक्का लागला तरी डाग उठतो, पण दोन्ही मनगटांवर सारखेच वळ असतील तर मी तरी हात बांधल्याचाच संशय आधी घेईन. फोटो काढा, तारीख लिहून ठेवा, बाहेरच्या डॉक्टरला दाखवून कागदावर लिहून घ्या, आणि तेव्हाच पाठ, माकडहाड, टाचाही बघायला सांगा कारण कूस बदलली नाही की जखमा तिथेच होतात.

आता मुख्य गोष्ट. झटक्याने वाचा गेली म्हणजे समज गेली असं नसतं, कितीतरी जणांना सगळं कळत असतं फक्त शब्द येत नाहीत. स्टाफला बाहेर थांबायला सांगा आणि मान हलवून उत्तर देता येईल असं एकेकच विचारा. सुरुवातीला ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे ते विचारा, मी डिचोलीहून आलो ना, असं. मग हात बांधतात का, आणि थोड्या वेळाने उलटं, रात्री हात मोकळे असतात का. दोन्हीला हो आलं तर घाई करू नका, दुसऱ्या दिवशी परत विचारा. कोणाचं नाव तुम्ही स्वतःहून सुचवू नका, तिचा डावा हात चालतोय तर ती माणूस दाखवू शकते.

तक्रारीचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ७ तुमच्या कामाचं आहे. छळ होतोय असं वाटण्याला कारण असेल तर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो, म्हणजे आपल्याकडे मामलेदार, आणि होम बार्देशात आहे तेव्हा म्हापशाला जा. माणसाला तिथून सोडवून सुरक्षित जागी ठेवायचा आदेश ते देऊ शकतात, तेच अर्जात स्पष्ट मागा, म्हणजे तक्रारीनंतर मावशी त्याच लोकांच्या हातात राहणार नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालते, जिवाला धोका वाटला तर मात्र थेट ११२.

तोपर्यंत दर वेळी वेगळ्या वेळेला जा, जेवणाच्या वेळेला नक्की. आणि दुसरीकडे हलवायचं ठरलं तर ते आधी मावशीला विचारा, तिचं घर एकदा तिला न विचारता बदललं असेल तर दुसऱ्यांदा तसं नको.