कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. पन्नाशीपुढचे लेथवाले कामगार सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) आणि कामाच्या नोंदी भरायच्या टॅबवर यायला तयार नाहीत. त्यांना कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं, तरी मंडळी टॅबला हात लावत नाहीत आणि नोंदी आयटीआयच्या पोरांकडून करून घेतात. मी मिरजेला मशीन शॉपचं काम बघतो आणि हे अगदी जवळून पाहिलंय. माझं मत असं, की त्यांना कॉम्प्युटर शिकवायला जाऊच नका. त्यांचंच रोजचं काम स्क्रीनवर कुठे गेलंय, तेवढं दाखवा.

एक उदाहरण देतो. शाफ्टचा व्यास 40.00 मिमी हवा आणि मायक्रोमीटरवर 40.02 आला. लेथवर तुमचे जुने कारागीर अण्णा काय करायचे? क्रॉस स्लाइडचा डायल किंचित आत घ्यायचे. सीएनसीवर तोच डायल म्हणजे वेअर ऑफसेटचं पान, म्हणजे स्क्रीनवर मापाची बारीक दुरुस्ती भरायची जागा. एवढं सांगितलं की निम्मं काम झालं, कारण किती काढायचं हे त्यांना तुमच्या पोरांपेक्षा चांगलं कळतं. खरी अडचण पुढे येते. ज्याच्या लेथचा डायल त्रिज्येवर चालतो, त्याच्या हाताला निम्मा आकडा घ्यायची सवय असते. इथे एक्सचा (टूल आत-बाहेर नेणाऱ्या अक्षाचा) आकडा सहसा व्यासावर असतो, म्हणून उणे 0.02 पूर्ण टाकायचा. आणि मशीनवर फानुक कंपनीचा कंट्रोलर असेल तर ‘इनपुट’ आणि ‘प्लस इनपुट’ या दोन बटणांतला फरक पहिल्याच दिवशी दाखवा. ऑफसेटमध्ये आधीच उणे 0.05 असताना उणे 0.02 टाकून नुसतं ‘इनपुट’ दाबलं, तर जुना आकडा पुसला जातो आणि पुढचा जॉब 40.05 येतो. ‘प्लस इनपुट’ दाबलं तर उणे 0.07 होतं, जे आपल्याला हवं असतं. हे न सांगता मशीन हातात दिलं की दोन जॉब रिजेक्ट होतात, सगळ्यांसमोर बोलणी बसतात आणि तो माणूस पुन्हा पॅनलकडे फिरकत नाही. मग आपण म्हणायचं, वय झालं, आता डोक्यात शिरत नाही!

ट्रेनिंग हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून शिकवू नका. शिफ्टच्या सुरुवातीला, मशीनपाशी, पंधरा-वीस मिनिटं, एका वेळी एकच गोष्ट. नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवताना सिंगल ब्लॉक लावा, म्हणजे एका वेळी प्रोग्रॅमची एकच ओळ चालते, आणि त्यांचा हात टूलची चाल थांबवणाऱ्या फीड होल्डच्या बटणावर ठेवायला सांगा. हवं तिथे टूल थांबवता येतं हे हाताला कळलं की भीती निम्मी होते. टूल चकवर (जॉब धरणाऱ्या जबड्यांवर) आदळेल, लाखांचं नुकसान होईल आणि या वयात नोकरी जाईल, ही धास्ती मनात घर करून असते. ती कोणी तोंडाने बोलून दाखवत नाही.

जोडीला आयटीआयचा मुलगा जरूर द्या, पण नियम एकच: मुलाने बोट दाखवायचं, बटण अण्णांनीच दाबायचं. पोरं घाई करतात, ‘द्या मामा, मी करतो’ म्हणून हातातून टॅब काढून घेतात. शिकणं तिथेच थांबतं. उलट बाजूनेही देवाणघेवाण होऊ द्या. इन्सर्ट (टूलचा कापणारा तुकडा) गेलाय हे अण्णा आवाजावरून ओळखतात, चिपचा म्हणजे निघालेल्या किसाचा रंग बघून स्पीड जास्त आहे की नाही ते सांगतात. मुलाला ते शिकवायला त्यांना मोकळा वेळ द्या. शिकवणाऱ्याचा मान मिळाला की स्वतः शिकायला कमीपणा वाटत नाही.

आता शरीराचं. याकडे मालक लोक बघतच नाहीत, आणि मला याचाच जास्त राग येतो. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं. बायफोकल चष्म्यात जवळचं बघायची काच खाली असते आणि मशीनचा स्क्रीन छातीच्या वर. मग माणूस मान मागे टाकून, डोळे बारीक करून आकडे वाचतो आणि दशांश चिन्ह नजरेतून सुटतं. चष्मेवाल्याला हातभर अंतराचा नंबर काढायला सांगा, चष्म्याचा खर्च कंपनीने करावा. पॅनलवर उजेड नीट पाडा. टॅबचा फॉन्ट मोठा करा, भाषा मराठी करा. कूलंट लागलेलं, घट्टे पडलेलं बोट टचस्क्रीन नीट ओळखत नाही. बारकोड स्कॅनर किंवा साधा कीबोर्ड लावलात तर निम्म्या तक्रारी मिटतील. अंगठ्याच्या हजेरीचंही तेच. वर्षानुवर्षं लोखंड हाताळून रेषा झिजलेल्या असतात. दारात चार वेळा अंगठा नाकारला गेलेला माणूस आत येऊन टॅबवर विश्वास कसा ठेवेल? त्यांना कार्ड द्या.

टॅबला विरोध होण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते रास्त आहे. मशीन किती वेळ बंद राहिलं हे टॅब दाखवतो, पण का बंद राहिलं हे नीट भरलं नाही तर खापर ऑपरेटरवर फुटतं. म्हणून बंदची कारणं कामगारांसोबत बसून ठरवा, त्यांच्याच शब्दांत: लाइट गेली, कास्टिंग आलं नाही, क्रेन मोकळी नाही, ड्रॉइंगची वाट. सुरुवातीचे काही महिने या आकड्यांवरून कोणाचा पगार कापणार नाही, असं नोटीस बोर्डावर लिहून सही करा. आणि कास्टिंगमुळे वेळ जातोय असं दिसलं तर फाउंड्रीवाल्याशी बोलून ते खरंच सुधारा. आपण भरलेल्या नोंदीमुळे आपलाच त्रास कमी झाला, हे एकदा दिसलं की नोंदी आपोआप खऱ्या येतात.

आपल्या भागातली माणसं नवं यंत्र शिकत नाहीत, हे मला मान्य नाही. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना उभारला तेव्हा आसपासच्या खेड्यांतलेच लोक तिथे यंत्रकाम शिकले. कोणीतरी त्यांच्या शेजारी उभं राहून शिकवलं होतं.

ज्यांची निवृत्ती वर्षभरावर आली आहे, त्यांच्यावर सक्ती करू नका. इन्स्पेक्शन, जॉब पकडायचे फिक्श्चर बनवणं, टूल ग्राइंडिंग अशा कामांना अनुभवी हात लागतातच. पण परस्पर ठरवू नका, आधी त्यांना विचारा. काहीजण ‘मला सीएनसीच शिकायचंय’ म्हणतील. आणि काम बदललं तरी पगार व ओव्हरटाइमचा हिशोब आधीसारखाच ठेवा, नाहीतर बाकीचे लगेच समजतील की टॅब आला म्हणजे म्हाताऱ्यांना बाजूला करायचं चाललंय.